पाच पदरी तन्मणी

दागिन्यांवर लेख लिहायला बसेन असे मला कधी वाटले नव्हते. आमच्या पिढीतल्या मुलींना दागिन्यांचे अप्रूप बेताचेच, आणि त्यातून मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडू म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट, मग एकाला डबीत का ठेवायचे आणि दुसऱ्याने फळ्यावर का लिहायचे, असा प्रश्न मी एकदा आज्जीला विचारला होता. आज्जी हसली आणि म्हणाली, "तुझं कॉलेज संपू दे, मग सांगतो." निपाणीकडच्या बायका बोलताना 'सांगतो', 'येतो' असेच म्हणतात, हे पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगावे लागेल, आपल्या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

कॉलेज अजून संपलेले नाही, पण उत्तर मात्र गेल्या वर्षी मिळाले.

आमच्या घरी एक तन्मणी आहे. नथ सगळ्यांना ठाऊक असते, चिंचपेटीही लग्नाच्या फोटोंमुळे पुन्हा ओळखीची झाली आहे. तन्मणी मात्र आता समजावून द्यावा लागतो. बारीक मोत्यांचे तीन, पाच किंवा त्याहून अधिक पदर, आणि समोर गळ्याच्या खाली येणारे जडावाचे एक पदक, असा हा जुना मराठी दागिना. त्या पदकाला 'खोड' म्हणतात. आमच्या खोडात मधोमध एक लाल माणिक आहे आणि त्याच्याभोवती चपटे, जुन्या पद्धतीचे हिरे कोंदणात बसवलेले आहेत. मागे गळ्यात बांधायला रेशमी गोंडा. त्याची गाठ सरकती असते, त्यामुळे सासूच्या गळ्यातला दागिना सुनेच्या गळ्यातही नीट बसतो.

परदेशी मोत्यांच्या माळांचे चित्र पाहिले तेव्हा मला एक गंमत वाटली. तिथे हिरे असतात ते माळेच्या मागच्या कळेवर. माळ अडकवायची ती कळ हिऱ्यांनी मढवायची आणि मानेमागे ठेवायची. केस वर बांधले तरच ती दिसायची. आपल्याकडे हिरे पुढे आणि मागे साधा गोंडा. बडोद्याच्या गायकवाडांच्या मोत्यांना मात्र हे दोन्ही संस्कार लाभले. एकोणिसाव्या शतकात खंडेराव गायकवाडांच्या जवाहिरखान्यात सात पदरी मोत्यांचा कंठा होता. त्यांनी मोत्यांचा एक गालिचाही करवून घेतला होता; मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करण्यासाठी तो होता असे सांगतात. तो तिथे गेलाच नाही, आणि २००९ मध्ये दोहा येथे सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. त्या सात पदरांतले निवडक ६८ मोती पुढे दोन पदरांत ओवले गेले, त्यांना कार्तिये या पेढीची हिऱ्याची कळ बसली, आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्या माळेला सुमारे ७१ लाख डॉलर आले. सात पदरांचे दोन झाले. एवढ्या मोठ्या घराण्याचे तसे होते, तर आमच्यासारख्यांचे काय सांगावे!

लहानपणी आम्हा भावंडांना तन्मण्यातले फक्त खोड दिसायचे. दिवाळीच्या पाडव्याला आज्जी मलमलच्या फडक्यातून तो बाहेर काढायची, आणि समईच्या उजेडात माणकाभोवतीचे हिरे लुकलुकायचे. मोती आमच्या खिजगणतीतही नव्हते. त्यातले तीन पदर तर जरा पिवळसरच दिसत; दोन पदर मात्र पांढरेशुभ्र, एकसारखे. मला ते दोनच आवडायचे. "आज्जी, हे तीन जुने झालेत, बदलून घे की," असे मी एकदा म्हटले होते. आज्जी काही बोलली नाही आणि आई उठून स्वयंपाकघरात गेली. लहान मुलांना अशा गोष्टी दिसतात; त्यांचा अर्थ लागायला पुढे बरीच वर्षे जावी लागतात.

गेल्या वर्षी बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. आजोबांच्या वेळी घरी तंबाखूची वखार होती. आता फक्त एक दुकान आहे. शस्त्रक्रियेचे देणे अंगावर आले तेव्हा आज्जीने स्वतःच फडके सोडले आणि तन्मणी दादाच्या हातात दिला. "किंमत करून आण. बाबाला सांगू नको," एवढेच म्हणाली.

दादा, आई आणि मी बेळगावला गेलो. शहापूरची सराफ गल्ली आज्जीला माहेरासारखी. स्वातंत्र्यापूर्वी शहापूर सांगली संस्थानात होते, बेळगाव इंग्रजांच्या राज्यात. हे आज्जीच्या सासूबाई सांगत. त्यांना शहापूरला जाणे म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणे वाटे. सराफांनी भिंग लावून खोड पाहिले. हिरे खरे, पण पातळ आणि बिनपैलूचे. सोने आत लाख भरलेले. मोडीला फार येणार नाही, असे ते म्हणाले. आमचे चेहरे उतरले. मग त्यांनी दुकानाच्या पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या पटवेगारांना हाक मारली. पटवेगार म्हणजे दागिने रेशमात ओवून देणारा. आयुष्यभर मोती बोटांतून गेल्यामुळे अशा माणसाची नजर भिंगाच्या पलीकडची असते.

त्यांनी तन्मणी तळहातावर घेतला, पदर वेगवेगळे केले, आणि आईकडे पाहून म्हणाले, "ताई, हे तीन पदर एका घरचे आणि हे दोन दुसऱ्या घरचे."

मला वाटले, आता हे तीन पिवळट पदर टाकाऊ म्हणून सांगणार. सांगितले ते उलटे. पांढरे दोन पदर गोड्या पाण्यात शेती करून काढलेल्या शिंपल्यांचे, बाजारात किलोवर मिळणारे. आणि पिवळसर तीन पदर बसऱ्याचे असावेत. त्यांनी पुरावाही दाखवला. जुन्या मोत्यांची भोके इतकी बारीक की ओवायच्या सुईचे टोकही कष्टाने जाईल. पूर्वी मोती वजनावर विकत, म्हणून भोक पाडताना तसूभरही मोती वाया जाऊ देत नसत. नव्या मोत्यांची भोके मोठी, आणि त्यांत ओवलेला दोरा रेशमाचा नव्हे, नायलॉनचा.

मी आईकडे पाहिले. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

इथे थोडे थांबून मोत्यांविषयी सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही आपली कविकल्पना. प्रत्यक्षात शिंपल्यातल्या जिवाच्या मऊ आवरणाला इजा झाली, एखादा परजीवी आत शिरला, की त्या जागी तो जीव थरावर थर चढवू लागतो. समुद्राच्या तळाशी शेकडो शिंपले उघडावेत तेव्हा एखाद्यात विकण्याजोगा मोती सापडे. इराणच्या आखातात, बहरीनच्या आसपास, पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून एका श्वासात खाली जात. तो माल मुंबईच्या बाजारात येई, तिथे निवडला जाई, भोके पडत, आणि जगभर जाई. बसऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या हातून येई म्हणून नाव बसऱ्याचे, मोती आखातातला.

त्याच्या किमतीचा हिशेबही निराळा. मुंबईचे जवाहिरे 'चव' काढत. त्यात वजनाचा वर्ग करावा लागे. म्हणजे दहा रतींच्या एका मोत्याची किंमत एकेका रतीच्या दहा मोत्यांइतकी नसे. साधारण दसपट असे. गणिताच्या प्राध्यापकांनी वर्गाचे उदाहरण म्हणून हे सांगायला हरकत नाही.

मग जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्याकडून मुद्दाम अर्धगोल मोती करवून घेतला. पुढे गोल मोतीही साधले आणि १९२० नंतर ते युरोपच्या बाजारात आले. हे मोती खोटे नव्हेत. त्यांवरचे थर शिंपल्यानेच चढवलेले असतात. फक्त सुरुवात माणसाने करून दिलेली असते. दातांवर घासून पाहण्याची बायकांची परीक्षा काचेचा मोती ओळखते, कारण खरा मोती दाताला किंचित खरखरीत लागतो. पण शेतीतला मोतीही तसाच लागतो. नैसर्गिक की शेतीतला, याचा नक्की निकाल क्ष-किरणांखालीच लागतो. बाजाराचे मात्र धाबे दणाणले. १९१७ मध्ये कार्तियेने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची एक हवेली मिळवली ती दोन पदरी मोत्यांच्या माळेच्या बदल्यात; माळेची किंमत धरली होती १० लाख डॉलर, वर १०० डॉलर रोख. तीच माळ १९५७ मध्ये लिलावात गेली तेव्हा सुमारे दीड लाख डॉलर आले. हवेली वाढत्या किमतीने उभीच राहिली. तिकडे मंदी आली, १९३२ मध्ये बहरीनला तेल लागले, आणि पाणबुड्यांचा धंदा बसत गेला. आता ते मोती नव्याने फारसे येत नाहीत, म्हणून जुन्यांची किंमत पुन्हा चढली. आमच्या घरच्या मलमलच्या फडक्यात हा सगळा इतिहास गुंडाळलेला होता आणि आम्ही माणकाकडे बघत बसलो होतो.

परतीच्या बसमध्ये आई बोलली. हत्तरगीचा टोलनाका येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग तिने सांगायला सुरुवात केली.

गोष्ट १९९४ ची. आज्जी माहेरी गोकाकला गेली होती. तिच्या आईचे शेवटचे दुखणे होते. इकडे जवळच्या नात्यात लग्न निघाले. आईने तन्मणी बाहेर काढला तर दोन पदर तुटलेले. तिने मोती वाटीत गोळा केले आणि एका सराफाकडे नेले. गावाचे आणि दुकानाचे नाव मी इथे लिहीत नाही. तो म्हणाला, "वहिनी, हे मोती पिवळे पडलेत. ओवण्याच्या मजुरीतच मी नवे पांढरेशुभ्र घालून देतो. लग्नात उठून दिसेल." आईला वाटले, माणूस किती भला! तिने आनंदाने तन्मणी घालून मिरवला. सासूबाई परत आल्यावर खूश होतील, असे तिला वाटले होते.

"मग आज्जी काय म्हणाली?" दादाने विचारले.

"आत्या म्हणाल्या, छान झालं गं. एवढंच. मला पुढं कितीतरी वर्षांनी वर्तमानपत्रात जुन्या मोत्यांबद्दल वाचून कळलं. दुपारी दार लावून मी ते पदर उन्हात धरून बघितले. पण आत्यांना कसं सांगणार? त्यांना माहीतच नसेल तर या वयात कशाला जिवाला घोर लावायचा, म्हणून मी गप्प राहिले."

घरी पोचलो. आज्जी जोत्यावर तांदूळ निवडत बसली होती. दादाने पटवेगारांचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. आईचे नाव घेतले नाही. आज्जीने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "तीन आन् दोन. बरोबर सांगितलं त्यांनी."

मग कळले की आज्जीला पहिल्याच दिवशी समजले होते. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी सासूबाई पांढऱ्या धोतरावर सगळे मोती पसरत आणि ही त्यांना लहानमोठे निवडून देई. एकेक मोती तिच्या ओळखीचा. खोडापासून तिसरा एक मोती होता, त्याला भोकाजवळ बारीक खळी होती. सासूबाई त्याला 'गालावरची खळी' म्हणत. गोकाकहून आल्यावर आज्जीने तन्मणी हातात घेतला तो ती खळी शोधायलाच. ती त्या दोन पदरांत होती.

आई उंबऱ्याशी उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मला मात्र राग आला. तो सराफ, त्याची गोड वाणी, सगळे डोळ्यांसमोर आले. मी म्हटले, "आज्जी, तेव्हाच बोलली असतीस तर मोती परत मिळाले असते! आठ-पंधरा दिवसांत ते कुठं जाणार होते?"

"मिळालं असतं की," आज्जी म्हणाली. "आन् गावभर काय झालं असतं? देसायांच्या वाड्यापासून बाजारापर्यंत एकच गोष्ट : ह्यांच्या सुनेनं घरचं मोती घालवलं. लगीन होऊन चार वर्षं झालेली हिची, पदरात मूल न्हाई. लोक आधीच बोलायलेत. त्यात मी आनी तोंड उघडू? मोती गेलं ते गेलं. वर बोलून हिचं मन कशाला फोडायचं, म्हणून गप बसलो बघ."

आणि मग तिने तिच्या माहेरची कन्नड म्हण सांगितली : मातु आडिदरे होयितु, मुत्तु ओडेदरे होयितु. बोललेला शब्द गेला तो गेला, फुटलेला मोती गेला तो गेला. दोन्ही परत येत नाहीत. कन्नडमध्ये मुत्तु म्हणजे मोती आणि मुत्तु म्हणजे मुकाही. आम्ही लहान असताना आज्जी आम्हाला 'नन्न मुत्तु' म्हणून जवळ घ्यायची, तेव्हा ती यांतले नक्की काय म्हणत होती ते आम्ही कधी विचारले नाही. बसवण्णांनीही एका वचनात बोलण्याला मोत्यांच्या हाराची उपमा दिली आहे, हे मला आपल्याच कन्नड विभागातल्या एका मैत्रिणीने नंतर सांगितले. आपल्या मराठीत तर मोती जिथेतिथे आहेत. चांगले अक्षर मोत्यासारखे, म्हातारपणी डोळ्यांत पडतो तोही मोतीच, आणि १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासराव व भाऊसाहेब पडले तेव्हा सावकारी पत्रात त्यांची वार्ता गेली ती दोन मोती गळाल्याची. जे गेले असता भरून येत नाही, त्याला आपण मोती म्हणत आलो आहोत.

आज्जीचे बरोबर होते का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि माझे मन अजून दोन्हीकडे जाते. तिच्या मौनामुळे आई या घरात ताठ मानेने राहिली, हे खरे. पण त्याच मौनामुळे तो सराफ सुटला, आणि त्याने आणखी किती वाट्यांतले मोती बदलले असतील कोण जाणे. शिवाय पुढची कितीतरी वर्षे दोन बायका एकाच घरात, एकाच डब्याला कुलूप लावीत, एकमेकींपासून एकच गोष्ट लपवीत राहिल्या. तेही एकमेकींच्या मायेपोटी. आजची मुलगी म्हणून मला वाटते की बोलायला हवे होते. पण त्या वेळच्या निपाणीत, मूल नसलेल्या सुनेच्या बाजूने उभे राहायचे तर सासूजवळ दुसरे कोणते साधन होते? आज्जीने जवळ होते ते दिले. दोन पदर बसऱ्याचे मोती ही त्याची किंमत.

पुढे दादाने तन्मणी मुंबईला रत्नपरीक्षेसाठी नेला. क्ष-किरणांचा निकाल पटवेगारांच्या बोटांसारखाच लागला : तीन पदर नैसर्गिक, दोन शेतीतले. आज्जीने सांगितले, जुन्यांतला एक पदर विका, देणे फेडा. बाकी घरात राहू द्या. तसेच केले. देण्याचा मोठा भाग फिटला. बाबांना हे सगळे ते हिंडूफिरू लागल्यावरच सांगितले.

चार पदर नव्याने ओवायचे ठरले तेव्हा मी म्हटले, आता ते दोन नायलॉनवाले काढून टाकू या आणि दोन पदरीच करू या, अस्सल. आज्जीने मान हलवली. "ते बी आता आपलंच. तीस वर्षं गळ्यात हायेत. त्यांनी काय पाप केलंय?" पटवेगारांनी आमच्यासमोर, शहापूरच्या त्या पायरीवर बसून, चारही पदर रेशमात ओवले. मी शेजारी बसून मोती मोजत होते. ओवायला दिलेला दागिना डोळ्यांसमोर ओवून घ्यावा आणि पिवळे पडलेत म्हणून कुणी जुने मोती फुकट बदलून देऊ लागला तर हात जोडून घरी यावे, एवढे मात्र हा लेख वाचणाऱ्यांनी आपापल्या आज्जींना जरूर सांगावे.

मोती आणि खडू यांतला फरक मला आता थोडा कळला आहे. आम्लात दोन्ही विरघळतात. घामाने, अत्तराने मोत्याचे तेज जाते. म्हणून दागिना घालताना तो सर्वांत शेवटी घालावा आणि काढताना सर्वांत आधी काढावा. हे रसायनशास्त्र झाले. बाकीचे आज्जीला विचारावे.

या पाडव्याला आज्जीने तन्मणी स्वतः घातला नाही. आईला समोर बसवले, मागचा गोंडा आपल्या हाताने सरकवून गाठ घट्ट केली, आणि कमरेची किल्ली काढून तिच्या ओटीत टाकली. आई काही बोलली नाही. आज्जीही काही बोलली नाही.